लोणारची यात्रा : गोडें पाणी आणि खारें पाणी



तीर्थयात्रा म्हटली म्हणजे आपल्या मनापुढें प्रथम उभा राहतो तो चढ. जेजुरीचा गड चढावयाचा, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढावयाच्या, त्र्यंबकेश्वरीं गेल्यावर ब्रह्मगिरि चढावयाचा. देव उंचावर आणि भक्त पायथ्याशीं, असा आपला नेहमींचा अनुभव. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार या क्षेत्रीं मात्र हा क्रम अगदीं उलटा आहे. येथें भक्त सपाट जमिनीवर उभा असतो आणि देवीचें देऊळ त्याच्या पायांखालीं, एका प्रचंड खळग्याच्या तळाशीं असतें. दर्शनाला जावयाचें तें उतरून आणि परतावयाचें तें चढून.

आज या क्षेत्राची यात्रा आपण मनानें करूं. देवळें किती व तीं कोणीं बांधलीं याची जंत्री देण्याचा माझा हेतु नाहीं. लोणारला जाऊन आलेल्या माणसाला मागाहून एक प्रश्न पडतो, तो आपल्यापुढें मांडावा एवढाच उद्देश आहे. तो प्रश्न असा : या क्षेत्रांत देव नेमका कोठें आहे? देवळांच्या गाभाऱ्यांत, कीं ज्या खळग्यांत तीं देवळें उभीं आहेत त्या खळग्यांतच? प्रश्न नुसता तात्त्विक वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर एका अगदीं व्यावहारिक गोष्टीचा निर्णय अवलंबून आहे, हें शेवटीं आपल्या ध्यानांत येईल.

प्रथम जागा पाहूं. मेहकरहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे दोन्ही बाजूंना वऱ्हाडची ओळखीची काळी जमीन लागते. कापूस, तूर, सोयाबीन, मधूनच एखादें निंबाचें झाड. पुढें कांहीं विलक्षण पाहावयास मिळणार आहे, याची सूचना देणारा डोंगर नाहीं, दरी नाहीं, नदी नाहीं. लोणार गांव येतें, तेंही वऱ्हाडांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवासारखें. आणि मग गांवाच्या कडेला जमीन एकाएकीं संपते. समोर जवळजवळ वर्तुळाकार असा एक खळगा पसरलेला दिसतो. त्याचा व्यास सुमारें १·८ किलोमीटर आहे. कांठ आजूबाजूच्या शेतांपेक्षां सुमारें २० मीटर वर उचललेला, आणि कांठापासून तळाच्या पाण्यापर्यंतची खोली सुमारें १३७ मीटर. उतारावर दाट झाडी, झाडींत ठिकठिकाणीं काळ्या दगडाचीं देवळें, आणि तळाशीं हिरवट रंगाचें निश्चल सरोवर. त्या सरोवरांत मिळणारे ओढे व झरे आहेत, पण त्यांतून बाहेर पडणारा ओहोळ एकही नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

यात्रेचा आरंभ गांवांतील दैत्यसूदनाच्या देवळापासून करावा हें बरें, कारण क्षेत्राची कथा तेथें समजते. लोक या देवळाला हेमाडपंती म्हणतात. तज्ज्ञ त्याची गणना उत्तर चालुक्य आणि यादव यांच्या काळांतील शिल्पांत करतात. देवळाची आंखणी ताऱ्याच्या आकाराची आहे. भिंती सरळ न जातां कोनाकोनानें वळत जातात, आणि त्यामुळें उन्हाचा कवडसा सरकत जाईल तसतशी मूर्तींवरची छाया बदलत राहते. शिखर मात्र अपुरें आहे. आंत मान वर करून पाहावें, कारण येथील छतें भिंतींइतकींच बोलकीं आहेत. कृष्ण, नरसिंह यांच्या कथांबरोबर या क्षेत्राची स्वतःची कथाही तेथें कोरलेली आहे.

ती कथा अशी. लवणासुर नांवाचा एक दैत्य भूमीच्या पोटांत गुहा करून राहत असे आणि तेथून बाहेर येऊन लोकांना व देवांना छळीत असे. त्याची गुहा कोठें आहे हें कोणालाच ठाऊक नव्हतें. तेव्हां विष्णूनें एका सुंदर तरुणाचें रूप घेऊन दैत्याच्या दोन बहिणींना मोहित केलें, त्यांच्याकडून गुहेचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्यानें गुहेवरचें झांकण उडवून दिलें आणि दैत्याचा वध केला. उडालेलें झांकण दूर जाऊन पडलें, ती एक टेकडी झाली. गुहेंत सांचलेलें पाणी हें दैत्याचें रक्त, आणि पाण्यांतला क्षार हें त्याचें मांस. दैत्याचा नाश केला म्हणून देव दैत्यसूदन झाला, आणि लवणाचें स्थान म्हणून गांव लोणार.

या कथेंतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. येथें गोडें पाणी नाहीं, कमळें नाहींत, अमृत नाहीं. येथील सरोवर म्हणजे मारलेल्या शत्रूचें रक्त. भक्ताला या पाण्याविषयीं भय वाटावें, तिटकारा वाटावा, अशीच कथेची योजना आहे. मग हें स्थान पवित्र कशामुळें झालें? त्याचें उत्तर खळग्याच्या कांठावरच, धारेच्या तीर्थावर मिळतें.

गांवाकडून सरोवराकडे उतरूं लागलें कीं अगदीं वरच्या अंगाला देवळांच्या घोळक्यांत एक कुंड लागतें. तेथें दगडांतून बारा महिने पाण्याची धार पडत असते. लोक तिला नुसतें ‘धार’ म्हणतात. हें पाणी निर्मळ आणि गोड आहे. गंगाच येथें गुप्तरूपानें प्रकट झाली आहे, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरूनें प्रथम धारेखालीं उभें राहावयाचें, डोक्यावर पाणी घ्यावयाचें, मग देवदर्शनाला निघावयाचें, असा परिपाठ. कित्येक जण पितरांच्या नांवानें येथें विधि करतात. लोणारला विरजक्षेत्र म्हणतात तें याच अर्थानें. रज म्हणजे मळ. तो जेथें जातो तें विरज.

हा परिपाठ किती जुना आहे? तेराव्या शतकांतील चक्रधरस्वामींचा लोणारचा मुक्काम महानुभावांच्या लीळाचरित्रांत आला आहे. परंतु सर्वांत तपशीलवार असें वर्णन आढळतें तें अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे अकबराच्या दरबारांतील अबुल फज़ल यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘आईने अकबरी’ या ग्रंथांत. वऱ्हाड सुभ्याची माहिती देतांना तो मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख करतो. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात आणि येथें केलेलें कर्म पितरांच्या उद्धारास कारण होतें, असें तो सांगतो. उंच टेकड्यांनीं वेढलेल्या खाऱ्या सरोवराचें वर्णन करतो. कांच व साबण यांना लागणारें द्रव्य तेथें मिळतें आणि त्यापासून सरकाराला चांगलें उत्पन्न येतें, याचीही नोंद करतो. कारभारी माणसाची नजर ती! आणि मग तो आपल्या धारेकडे येतो. टेकडीवर एक झरा आहे, त्याच्या मुखाशीं बैलाची आकृति कोरलेली आहे, आणि या झऱ्याचें पाणी एरवीं खालच्या सरोवरांत जात नाहीं. परंतु अमावास्या सोमवारीं आली म्हणजे मात्र त्याचा प्रवाह त्या मोठ्या जलाशयाला जाऊन मिळतो, असें त्यानें लिहिलें आहे.

सोमवती अमावास्येची ही हकीकत त्याच्या कानांवर क्षेत्रांतल्या लोकांकडूनच आली असली पाहिजे. ती अक्षरशः खरी होती असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यांतील कल्पना मोठी अर्थपूर्ण आहे. वरचें पाणी गोड, खालचें पाणी खारें. दोन्ही एकाच क्षेत्राचीं, पण दोघांचीं स्थानें वेगळीं. त्यांची भेट होते ती एखाद्या पर्वकाळींच. चारशें वर्षांपूर्वींच्या यात्रेकरूच्या मनांत या दोन पाण्यांमध्यें एक मर्यादा होती, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

गोड्या पाण्याच्या या झऱ्यांत चमत्कार नाहीं, आणि तरीही तो कमी नवलाचा नाहीं. महाराष्ट्राचा काळा दगड म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक बसलेले थर. त्यांना सांधे व भेगा असतात. पावसाचें पाणी त्यांतून झिरपत खालीं जातें आणि दोन थरांच्या मध्यें सांचतें. एरवीं तें मिळावें म्हणून आपण विहीर खणतों. लोणारला निसर्गानेंच इतका मोठा खड्डा करून ठेवला आहे कीं थरांच्या कडा उघड्या पडल्या आणि त्यांतील पाणी आपोआप बाहेर आलें. धार, रामगया आणि उतारावरचे इतर लहान झरे या सर्वांचा उगम असा आहे. वर पडलेला पाऊस दगडांत गाळला जाऊन देवळाच्या दारांत येतो.

आतां खालीं उतरूं. वाट झाडींतून जाते. सन २००० मध्यें हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यामुळें मोर आणि वानरें यांची सोबत हमखास असते. वाटेंत रामगया, कुमारेश्वर, वाघ महादेव, मोर महादेव, अंबरखाना अशीं देवळें लागतात. कांहीं उभीं आहेत, कांहींचे खांब तेवढे उरले आहेत, कांहींच्या छतांतून वडापिंपळांनीं मुळें सोडलीं आहेत. वाघ आणि मोर हीं देवांचीं नांवें नव्हेत, शेजाऱ्यांचीं नांवें आहेत. ज्या कोणीं तीं ठेवलीं त्यानें महादेवाला रानांतून बाहेर काढलें नाहीं, रानासकट देव मानला, हें मला विशेष वाटतें.

अगदीं पाण्याच्या कांठाशीं कमळजादेवीचें देऊळ आहे. या यात्रेचें शेवटचें ठिकाण हें. देऊळ मोठें नाहीं, शिल्पाच्या दृष्टीनें दैत्यसूदनाशीं त्याची तुलना होणार नाहीं; परंतु परिसरांतील अनेक घराण्यांचा ओढा याच देवीकडे आहे. आश्विनांतील नवरात्रांत येथें यात्रा भरते. बायका पोरांना कडेवर घेऊन, हातांत ओटीचें सामान सांभाळीत पहांटेपासून उतार उतरत असतात. घरांतलें लग्न, पहिलें मूल, फेडावयाचा नवस, सारें या पाण्याच्या कांठीं येऊन देवीला सांगावयाचें. त्या नऊ दिवसांत एरवीं निर्मनुष्य असणारा हा खळगा माणसांच्या आवाजानें भरून जातो. आणि भिंती गोल असल्यामुळें एका कांठावरची घंटा दुसऱ्या कांठावर ऐकूं येते.

देवीच्या देवळाजवळच एक विहीर आहे. तिला ‘सासूसुनेची विहीर’ म्हणतात. सरोवराची पातळी वाढली म्हणजे ती पाण्याखालीं जाते व पाणी उतरलें म्हणजे पुन्हां उघडी पडते. लोक असें सांगतात कीं या विहिरीच्या एका बाजूचें पाणी गोड लागतें आणि दुसऱ्या बाजूचें खारें. कोणती बाजू सासूची आणि कोणती सुनेची, याविषयीं सांगणाराच्या वयाप्रमाणें मतभेद होतात! विनोद सोडून दिला तरी या नांवांत शहाणपण आहे. सरोवराच्या कांठाला झऱ्याचें पाणी येऊन भिडतें, तेथें दोन पाणीं अगदीं शेजारीं शेजारीं असणें स्वाभाविक आहे. त्या सान्निध्याला आमच्या लोकांनीं कुटुंबाची उपमा दिली. दोघी एका घरांत राहतात, एकमेकींच्या भिंतीला भिंत लागलेली आहे. पण एकीनें दुसरीला गिळून टाकावयाचें नाहीं.

सरोवराचें पाणी तोंडांत घेण्यासारखें नाहीं. बोटांना तें साबणासारखें बुळबुळीत लागतें. तें नुसतें खारें नसून सोड्याच्या क्षारांनीं भरलेलें आहे. आंत येणारें पाणी दगडांतले क्षार थोडे थोडे विरघळवून आणतें. बाहेर जावयास वाट नसल्यानें पाण्याची वाफ होते, क्षार तेथेंच राहतात, आणि हा हिशेब हजारों वर्षें सांचत आला आहे. उन्हाळ्यांत कांठावर त्यांचा थर बसे, तो गोळा करून विकण्याचा धंदा येथें पूर्वीं चाले. डल्ला, पापडी, भुसकी अशीं त्या क्षारांच्या प्रतींचीं नांवें होतीं, आणि साबण करणारे, रंगारी, कांचकाम करणारे त्यांचीं गिऱ्हाइकें होतीं. अशा पाण्यांत मासोळी जगत नाहीं. तरी तें निर्जीव नाहीं. सूक्ष्म नीलहरित शेवाळें त्यांत विपुल आहे, त्यामुळेंच सरोवराला हिरवा रंग येतो. अति खारट व अति क्षारयुक्त जलांतच वाढणारे जंतु येथें आहेत आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करावयास येतात.

हा खळगा झाला कसा? लवणासुराची कथा आपण ऐकली. आतां विज्ञानाची ऐकूं. सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें या स्थानाकडे युरोपीय विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यानंतर दीर्घकाळ बहुतेकांची समजूत अशी होती कीं हें ज्वालामुखीचें मुख असावें. सभोंवतालचा सारा प्रदेश लाव्हाचा, तेव्हां तें साहजिकच होतें. पण लाव्हाचे हे थर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचे, आणि खळगा तर त्या मानानें अगदीं अलीकडचा! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तळाशीं छिद्रें पाडून नमुने काढण्यांत आले. १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या दगडांत मॅस्केलिनाइट नांवाची काच सांपडल्याचें सांगण्यांत आलें. ही काच भट्टीच्या उष्णतेनें होत नाहीं. दगडावर अतिप्रचंड आघात झाला तरच त्यांतील विशिष्ट खनिजाचें तिच्यांत रूपांतर होतें. ज्वालामुखी असा आघात करूं शकत नाहीं. आकाशांतून वेगानें आलेला अशनि येथें आदळला आणि त्यानें हें विवर कोरलें, हें त्यावरून सिद्ध झालें. काळ्या बेसाल्ट खडकांत आघातानें झालेलीं विवरें पृथ्वीवर फारच थोडीं आहेत. चंद्राचा पृष्ठभाग समजून घेऊं इच्छिणारे लोक म्हणूनच लोणारला येतात. ही घटना किती वर्षांपूर्वीं घडली याविषयीं मतैक्य नाहीं. एका पद्धतीनें काल मोजला तर सुमारें ५२,००० वर्षें येतात. २०११ सालीं दुसऱ्या पद्धतीनें केलेल्या मापनांत सुमारें ५,७०,००० वर्षें आलीं.

पुराणांत झांकण उडून दूर गेलें, विज्ञानांत पाषाण दुरून येऊन पडला. पण हें विवर हळूहळू झालें नाहीं, एका क्षणांत, एका भयंकर आघातानें झालें, याविषयीं दोन्ही कथांचें एकमत आहे. ज्यानें प्रथम लवणासुराची कथा सांगितली त्यानें या खळग्याकडे नीट पाहिलें होतें, असें म्हणावें लागतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. देव कोठें? या प्रश्नाचा विचार करतांना मला एका दूरच्या देशांतील क्षेत्राची आठवण होते. जपानांत शिंतो नांवाचा प्राचीन धर्म आहे. पर्वत, वृक्ष, धबधबे, शिळा यांत वास करणाऱ्या शक्तींना ते लोक ‘कामी’ म्हणतात. त्यांच्या देवस्थानांत प्रवेश करण्यापूर्वीं दाराशीं वाहत्या पाण्याचें टांकें असतें. लांकडी पळीनें प्रथम डावा हात, मग उजवा हात, मग तोंड धुवावयाचें. आपल्या धारेची आठवण व्हावी असाच हा आचार. नारा प्रांतांत ओमिवा नांवाचें त्यांचें एक अति प्राचीन देवस्थान आहे. इतर देवस्थानांत देवाचें जें मुख्य मंदिर असतें, तें येथें नाहींच. प्रार्थनेचा मंडप आहे, त्यामागें तीन कमानींचें एक द्वार आहे, आणि द्वारापलीकडे दाट झाडीनें भरलेला मिवा पर्वत. तो पर्वतच देवाचें शरीर मानला जातो. पर्वतावर जावयाचें असेल तर खालीं आपलें नांव नोंदवावें लागतें, गळ्यांत पांढरी पट्टी घालावी लागते. वर खाणें नाहीं, छायाचित्र घेणें नाहीं, पान किंवा खडा उचलून आणणें नाहीं. पर्वत हेंच देवाचें अंग, तेव्हां त्याचें पान तोडणें म्हणजे देवाच्या अंगाला हात लावणें, असा हा सरळ हिशेब.

जपानी लोकांचें अनुकरण करा असें मला सुचवावयाचें नाहीं. आपल्याकडेही गांवोगांवीं देवराया आहेत, तेथील वाळकी काटकीही कोणी घरीं नेत नसे. मला दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं देव गाभाऱ्यांत मानला तर आपलें सोंवळें उंबऱ्यापाशीं संपतें. देव स्थानांत मानला तर तें सोंवळें त्या साऱ्या स्थानाला लागू होतें. लोणारपुढें आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

कारण लोणारचें दैव त्याच्या खारेपणाशीं बांधलेलें आहे. सरोवर खारें आहे म्हणून त्यांतील सृष्टि जगावेगळी आहे. आणि हा खारेपणा फार नाजूक तोलावर उभा आहे. पाऊस किती आला, झरे किती वाहिले, वाफ किती झाली, यावर तो ठरतो. सन २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचा रंग एकाएकीं गुलाबी झाला, हें अनेकांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेल. पाणी उतरून क्षाराचें प्रमाण वाढलें, आणि अति खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंची एकदम भर झाली, त्यांच्या अंगच्या रंगानें सरोवर रंगलें, असा निष्कर्ष नागपूर व पुणें येथील संशोधनसंस्थांनीं काढला. कांहीं दिवसांनीं रंग ओसरला. त्याच वर्षीं लोणारचा समावेश रामसर करारांतील जागतिक महत्त्वाच्या पाणथळ स्थानांत झाला. महाराष्ट्रांत नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळविणारें हें दुसरें स्थान. पुढें उलट बाजूची चिंता निर्माण झाली. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढली आणि कांठावरच्या देवळांना पाणी लागलें. पाणी वाढणें म्हणजे क्षार पातळ होणें.

यांत पावसाचा भाग आहे, तो आपल्या हातीं नाहीं. परंतु आपल्या हातींचा भागही लहान नाहीं. वर वाढत चाललेल्या वस्तीचें सांडपाणी उताराला लागलें तर तें शेवटीं सरोवरांतच जावयाचें, कारण बाहेर वाट नाहीं. धारेखालीं स्नान करतांना लावलेला साबण, धुतलेले कपडे, कुंडांत सोडलेलें निर्माल्य, पत्रावळी, पिशव्या, सर्वांचा मार्ग तोच. इतर तीर्थांवर नदी हें सारें पुढें वाहून नेते आणि आपलें पाप आपल्या दृष्टीआड होतें. लोणारला पुढें कांहीं नाहीं. येथें जें पडेल तें येथेंच राहील. हजारों वर्षांचे क्षार जसे राहिले तसेंच. लोणारच्या संरक्षणाचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेला व तो वर्षानुवर्षें चालला, इतक्या थराला ही गोष्ट गेली आहे.

येथें भक्तावर कोरडे ओढणें सोपें आहे. तें मी करणार नाहीं. त्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. परंपरेनें त्याला शिकविलें कीं गोडें पाणी गंगा आणि खारें पाणी दैत्याचें रक्त. गंगेचें पाणी दैत्याच्या रक्तांत मिसळलें तर त्यांत बिघडलें काय, असें त्याला वाटलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु त्याच परंपरेनें आणखीही कांहीं शिकविलें आहे, आणि तें आपण विसरलों आहों. दोन पाण्यांची भेट केवळ सोमवती अमावास्येला, असें अबुल फज़लला कोणीतरी सांगितलें होतें. सासू आणि सून एका विहिरींत आपापल्या बाजू सांभाळून नांदतात, असें गांवकरी आजही सांगतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कमळजादेवी धारेच्या कुंडावर बसलेली नाहीं. उतार उतरून, वाघ आणि मोर यांच्या देवांना ओलांडून, ती त्या खाऱ्या पाण्याच्या अगदीं कांठाशीं बसली आहे. ज्या पाण्याला कथेनें रक्त म्हटलें त्या पाण्याची राखण देवी करीत आहे, असा अर्थ मी त्यांतून काढतों. आणि तो काढण्यास कोणत्याही शास्त्राचा अडथळा येईल असें मला वाटत नाहीं.

तेव्हां आपण कधीं लोणारला जाल तर या क्रमानें जा. आधीं दैत्यसूदन पाहा आणि छतावरची कथा मुलांना सांगा. मग धारेवर या. पाणी डोक्यावर घ्या, पण साबण आणि कपड्यांची गांठोडी मुक्कामींच ठेवा. उतरतांना वानरांना कांहीं चारूं नका आणि वाटेवरचा दगड कौतुकानें खिशांत घालूं नका. त्यांतील एखाद्यांत त्या आघाताची साक्ष दडलेली असेल, ती तेथेंच असूं द्या. देवीची ओटी भरा, प्रसाद घ्या, आणि फुलें, नारळाच्या शेंड्या, कागद, जें उरेल तें पुन्हां पदरांत बांधून वर आणा. चढ लागेल, दम लागेल. ओझें थोडें वाढेल. यात्रेचें पुण्य कष्टांत असतें असें आपले वाडवडील म्हणत. तर एवढा कष्ट त्या पुण्याच्या हिशेबीं धरावा.

कांठावर पोंचल्यावर एकदां मागें वळून पाहा. संध्याकाळच्या वेळीं सरोवरावर छाया आधीं उतरते आणि वरच्या कांठावर ऊन अजून असतें. त्या वेळीं देवळें एकेक करून झाडींत दिसेनाशीं होतात, आणि शेवटीं डोळ्यांपुढें राहतो तो फक्त तो गोल खळगा आणि त्यांतलें पाणी. देव कोठें, या प्रश्नाचें उत्तर त्या घटकेला शब्दांत देण्याची गरज उरत नाहीं. नमस्कार करतांना आपले हात आपोआपच त्या पाण्याकडे जोडले जातात.